मेट्रो आली, पण घरापासून स्टेशनापर्यंतचं काय? (नागपूरची बस, रिंग रोड आणि आपल्या गाड्या)

मानेवाडाकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो.

मागच्या मे महिन्यात आईला मेडिकलमध्ये (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) डोळे दाखवायला जायचं होतं. वय अडुसष्ट. मी सोडतो म्हटलं तर म्हणाली, तुझी ड्युटी बुडवू नको, मी बसने जाते. सकाळचे साडेनऊ, पण ऊन असं की डांबराचा वास यायला लागला होता. आमच्या मानेवाडा रोडवरच्या त्या स्टॉपला शेड नाही. एक खांब आणि त्यावर एक पाटी, एवढाच स्टॉप. वीस-पंचवीस पावलांवर विजेची डीपी आहे, तिची हातभर सावली पडते. आई तिथे उभी राहिली. सावली सरकेल तशी आई सरकत होती. तिच्यामागे भाजीची टोपली घेतलेली एक बाई, तीही तशीच सरकत होती. पाऊण तासाने बस आली, पण खांबापाशी कोणीच नाही म्हटल्यावर थांबलीच नाही. ड्रायव्हरला दोष देत नाही, त्याला स्टॉपवर माणूस दिसलाच नाही. आईने फोन केला तोवर ओपीडीची चिठ्ठी मिळायची वेळ टळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि तिला गाडीवर बसवून नेलं. आपण सगळे हेच करतो. म्हणून घरटी दोन-दोन, तीन-तीन गाड्या. (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे नुसतं 'गाडी' म्हटलं की ती दुचाकी.) आता त्यात चारचाक्यांची भर पडली आहे. आमच्या गल्लीत संध्याकाळी सातनंतर समोरासमोरून दोन गाड्या आल्या तर एकाला मागे जावं लागतं, कारण दोन्ही बाजूंना कार उभ्या असतात.

मेट्रोबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. ७ मार्च २०१९ ला बर्डी (सीताबर्डी) ते खापरी गाडी सुरू झाली, जानेवारी २०२० ला लोकमान्य नगरकडची, आणि ११ डिसेंबर २०२२ ला ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापती नगरचे उरलेले दोन हात. स्वच्छ आहे, गार आहे, वेळेवर येते. बायका निर्धास्त बसतात. मला अभिमान आहे तिचा.

पण नकाशा समोर ठेवून बघा. मेट्रो म्हणजे अधिकची खूण. मधोमध बर्डी आणि चार दिशांना चार हात. शहर मात्र गेली पंचवीस-तीस वर्षं वाढलं ते या हातांच्या मधल्या कोपऱ्यांत. आग्नेयेला मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा, दिघोरी. वायव्येला काटोल रोड, गोरेवाडा, मानकापूर, झिंगाबाई टाकळी. दुसरा टप्पा ४३.८ किलोमीटरचा आहे, तो कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि ट्रान्सपोर्ट नगरकडे जातो. म्हणजे तेच चार हात आणखी लांब होणार. कामठी-कन्हानच्या लोकांना त्याचा मोठा फायदा आहे, तो व्हायलाच हवा. पण कोपऱ्यातला माणूस कोपऱ्यातच राहतो.

कोपरे जोडायला नवीन रूळ टाकायची गरज नाही, ते काम आपला रिंग रोड आधीच करतो. दक्षिणेला छत्रपती चौक, पश्चिमेला रचना रिंग रोड, उत्तरेला ऑटोमोटिव्ह चौक, पूर्वेला पारडीकडे प्रजापती नगर. मेट्रोच्या चारही हातांना तो कुठे ना कुठे भेटतो. या रस्त्यावर दोन्ही दिशांनी, सकाळी सहा ते रात्री दहा, दर दहा मिनिटांनी बस हवी. एवढी एकच गोष्ट झाली तरी माझ्या घरातल्या दोन गाड्यांपैकी एक मी विकीन. लिहून देतो.

तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्या भागात काय अडतं, तेही सांगा.

मिहानवाली

दादा, आईचं वाचून वाईट वाटलं. माझं अडतं ते दुसऱ्या टोकाला.

मी जयप्रकाश नगरला राहते, घरापासून मेट्रो चालत सात मिनिटं. खापरीपर्यंतचा प्रवास इतका छान होतो की पुस्तक वाचून होतं. खरा प्रश्न खापरीला उतरल्यावर सुरू होतो. मिहान, म्हणजे विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग, काही चार गल्ल्यांचं गाव नाही, कंपन्या एकमेकींपासून लांब लांब आहेत आणि मधले रस्ते मोकळे, झाड नाही की टपरी नाही. सकाळी कंपनीची गाडी मिळते. पण शिफ्ट संपून उशीर झाला तर अंधारात स्टेशनपर्यंत यायचं कसं? शेवटची मेट्रो चुकली तर संपलंच. म्हणून माझ्या टीममधल्या सहापैकी पाच मुलींनी गाडी घेतली, आणि त्या रोज वर्धा रोडवर ट्रकच्या मधून येतात-जातात. हौस म्हणून कोणी घेतली नाही.

एम्सलाही तेच. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाकडून आलेला पेशंट शहरात उतरतो, मेट्रोने येतो, आणि शेवटच्या तुकड्यासाठी ऑटोवाल्याशी भाव करत उभा राहतो. सलाईन लावलेला हात घेऊन उभे असलेले काका मी स्वतः बघितलेत.

जुना_वाहक

मी एसटीत वाहक होतो, शेवटची काही वर्षं वाहतूक नियंत्रक. नागपूरची शहर बस एसटीच चालवायची तेव्हा बर्डीवर ड्युटी केली आहे. 'दर दहा मिनिटांनी बस' म्हणणं सोपं आहे, ती कशी होते ते सांगतो, म्हणजे मागणी करताना आपल्याला नेमकं बोलता येईल.

एका मार्गाची जाऊन-येऊन फेरी समजा ९० मिनिटांची आहे. दर १० मिनिटांनी गाडी पाहिजे तर त्या मार्गावर ९ गाड्या फिरत्या पाहिजेत. आता चौकाचौकात अडकून तीच फेरी १२० मिनिटांची झाली तर ९ गाड्यांत १३ मिनिटांवर जाते, आणि १० मिनिटंच ठेवायची तर १२ गाड्या लागतात. म्हणजे तीन गाड्या, त्यांचे ड्रायव्हर, त्यांचं डिझेल नुसतं ट्रॅफिकमध्ये उभं राहण्यात गेलं. म्हणून बसला मोकळी वाट देणं म्हणजे फुकटात गाड्या वाढवणं आहे. सिग्नलजवळच्या शंभर मीटरमध्ये कार उभ्या राहू दिल्या नाहीत तरी फरक पडतो. चौकाचं तोंड मोकळं तर गाडी मोकळी.

दुसरी गोष्ट. लोक नेहमी म्हणतात, तासभर बस नाही आणि मग दोन एकदम येतात. त्यात कोणाचा खोडसाळपणा नसतो. पहिल्या गाडीला दोन मिनिटं उशीर झाला की पुढच्या स्टॉपवर तिला जास्त माणसं मिळतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर. मागच्या गाडीला मात्र स्टॉप रिकामे मिळतात, ती पुढे धावते आणि तिला गाठते. आमच्या वेळी यावर एकच औषध होतं: मधल्या स्टॉपवर कंट्रोलर उभा. तो मागच्या गाडीला हात दाखवून चार मिनिटं थांबवायचा. प्रवासी शिव्या द्यायचे, पण पूर्ण मार्ग सुरळीत राहायचा. आता प्रत्येक गाडीत जीपीएस बसवता येतं, तो माणूस उन्हात उभा करायचीही गरज नाही. फक्त पडद्यावर बघून थांबवायचा अधिकार कोणाला तरी द्यावा लागतो.

मानेवाडाकर, स्टॉपचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. ड्रायव्हर खांबाकडे बघतो, सावलीकडे बघत नाही. सावली खांबापाशीच पाहिजे.

त्रिमूर्ती_नगर

चर्चा चांगली आहे, पण एक बाजू मांडतो. माझ्याकडे कार आहे आणि मी ती सोडणार नाही. ऐंशीचे वडील, दोन मुलं, एकाची ट्यूशन शंकर नगरला तर दुसरीची धरमपेठला. मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. वडिलांच्या खिशात कांदा ठेवून त्यांना बस स्टॉपवर उभं करू का? मुंबईशी तुलना करणाऱ्यांना आपलं ऊन माहीत नाही. आधी चांगली सेवा द्या, मग कार सोडायला सांगा. उलट करून चालणार नाही.

मानेवाडाकर

काका, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. वडिलांना तुम्ही कारनेच न्या. माझ्या आईसाठी त्या दिवशी कार असती तर मीही तेच केलं असतं.

माझं म्हणणं फेऱ्यांबद्दल आहे. कारचा प्रश्न मी वेगळा ठेवतो. तुमच्या घरातून दिवसाला किती फेऱ्या होतात, मोजून बघा. वडिलांची महिन्यातून दोनदा दवाखान्याची. मुलांच्या ट्यूशनच्या जाऊन-येऊन रोजच्या चार. तुमची ऑफिसची. यातली ट्यूशनची फेरी मुलं स्वतः करू शकली तर? तुमच्या घरून सुभाष नगर किंवा रचना रिंग रोडचं स्टेशन फार लांब नाही, आणि तिथून शंकर नगर चौक थेट त्याच मार्गावर आहे. अडतं ते स्टेशनापर्यंतच्या दीड-दोन किलोमीटरवर. त्या दोन किलोमीटरसाठी तुम्ही रोज संध्याकाळी दोन तास ड्रायव्हर होता.

आणि 'आधी सेवा' हे सरकारनेही लिहून ठेवलंय. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात राज्यांना स्टेशनच्या दोन्ही बाजूंना पाच किलोमीटरपर्यंत फीडर सेवा (घराकडून स्टेशनापर्यंत ने-आण करणारी बस वगैरे) देण्याची हमी द्यावी लागते. त्याच धोरणात शहरातली सगळी वाहतूक एका छत्राखाली आणणारं एकच प्राधिकरणही सक्तीचं केलंय. पाच किलोमीटर म्हणजे बघा, मानेवाडा, बेसा सगळं त्यात येतं. आपण काही उपकार मागत नाही.

त्रिमूर्ती_नगर

ट्यूशनच्या फेरीचं पटलं. मोठा सोळाचा झाला, ॲक्टिव्हा पाहिजे म्हणून मागे लागलाय. मी नाही म्हणतो. त्याचे अर्धे मित्र लायसन नसताना चालवतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलाने गाडी चालवताना काही केलं तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे किती आईबापांना माहीत आहे? मला दंडापेक्षा सीए रोडवरच्या बसेसमधून तो गाडी काढताना डोळ्यासमोर येतो. फीडर बस असेल तर मी त्याला पास काढून देईन, हे मात्र नक्की.

ऑटोचा_पोरगा

माझे बाबा तीस वर्षांपासून ऑटो चालवून राहिले. या धाग्यावर सगळे बस बस म्हणून राहिले, पण ज्या कोपऱ्यात बस पोहोचत नाही तिथे आजही शेअर ऑटोच चालतो ना. हुडकेश्वर, कळमना, वाडी, हिंगणा. काहून चालतो? कारण तो गल्लीच्या तोंडापर्यंत येतो.

त्याची अडचण पण ऐका. शेअर ऑटो भरल्याशिवाय निघत नाही, कारण रिकामा गेला तर पेट्रोलही निघत नाही. म्हणून माणूस पंधरा मिनिटं आत बसून राहते. दुसरं, मेट्रो स्टेशनाखाली त्याला उभं राहायला धड जागा नाही. उभा राहिला की चालान. मग तो चौकाच्या मधातच थांबतो, आणि लोक म्हणतात ऑटोवाले ट्रॅफिक करतात.

बाबांचं म्हणणं साधं आहे. प्रत्येक स्टेशनाखाली शेअर ऑटोला आखलेली लाईन द्या, दिशेप्रमाणे पाट्या लावा, भाडं ठरवून भिंतीवर लिहा. मेट्रो आली की वीस-तीस माणसं एकदम उतरतात. तेव्हा ऑटो दोन मिनिटांत भरते, थांबायचं कामच नाही. भाव करायचं पण नाही. ऑटोवाल्याला बसची भीती दाखवू नका, त्याला त्यात एक जागा द्या.

मिहानवाली

भाऊ, हे लाखातलं बोललात. ठरलेलं भाडं भिंतीवर लिहिलेलं असेल तर मुलगी रात्री एकटीसुद्धा ऑटोत बसेल. भाव करावा लागतो तिथेच भीती सुरू होते.

कडुनिंब

मी झाडांच्या कामात आहे, म्हणून सावलीकडे पुन्हा येते.

आपल्या शहराची हिरवं शहर म्हणून ओळख आहे ती जुन्या रस्त्यांवरच्या कडुनिंबांमुळे. सिव्हिल लाईन्समध्ये दुपारी दोन वाजता चालून बघा आणि मग रिंग रोडवर चाला. शहर तेच, ऊन तेच. एका ठिकाणी माणूस चालतो, दुसरीकडे शंभर पावलांत गाडी आठवते.

सिमेंटचे रस्ते झाले तसे रस्त्याच्या कडेला थेट खोडापर्यंत गट्टू (सिमेंटचे ठोकळे) बसवले. मुळाशी पाणी मुरत नाही, हवा जात नाही. झाड दोन-तीन उन्हाळे तग धरतं, मग एका वादळात आडवं होतं. आणि आपण म्हणतो, वादळाने पडलं. खोडाभोवती हात-दोन हात माती मोकळी ठेवली तरी ते जगतं. नवा रस्ता जुन्यावरच चढवल्यामुळे तो घरांपेक्षा उंच झाला, आणि फुटपाथ कुठे गुडघाभर उंच तर कुठे गायबच. मानेवाडाकरांच्या आईने त्या फुटपाथवर चढायचं कसं?

बसच्या स्टॉपला पत्र्याची शेड टाकली तर दुपारी ती तापून भट्टी होते, हेही लक्षात घ्या. शेडच्या पश्चिमेला एक झाड लावलं तर चार-पाच वर्षांत संध्याकाळचं ऊन अडतं. कडुनिंब, करंज, कशालाही फार पाणी लागत नाही. पहिले दोन उन्हाळे तेवढं कोणीतरी जपलं पाहिजे.

बेसा_पिपळा

आमच्याकडे अजून एक गंमत... गंमत नाही, त्रास आहे. बेसा-पिपळ्याकडे इमारती शहरासारख्या झाल्या, पण बस विचारायला गेलं की हद्दीचा प्रश्न येतो. फ्लॅट विकताना ब्रोशरमध्ये 'मेट्रोपासून दहा मिनिटं' लिहिलं होतं. ती दहा मिनिटं कारने, आणि तीही रविवारी सकाळी. बिल्डरने प्रत्येक फ्लॅटला एक पार्किंग दिलं. २.५ बाय ५ मीटरची चौकट, म्हणजे जवळपास १३५ चौरस फूट. माझ्या मुलीची खोली त्यापेक्षा लहान आहे. ती जागा मी विकत घेतली, आणि दुसरी कार रस्त्यावर उभी आहे.

नंदनवन_ताई

एक छोटं सांगते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. माझी कामवाली मावशी तेव्हापासून उमरेडला माहेरी महिन्यातून दोनदा जाते, आधी वर्षातून दोनदा जायची. ती योजना एसटीची, शहरातल्या बसला लागू नाही. तमिळनाडूने शहर बसमध्ये बायकांना प्रवास मोफत केलाय, दिल्लीने २०१९ पासून, कर्नाटकानेही २०२३ ला केला. आमच्या मावशी चार घरची कामं करायला दिघोरीहून चालत येतात, सव्वा तास. तिकीट वाचवायला चालतात. मेट्रो, कार, पार्किंग हे सगळं बोलताना त्यांनाही मोजा.

जुना_वाहक

ताई, तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. गाडी असलेल्याला बसमध्ये आणण्याआधी, जो आज चालतो त्याला बसमध्ये जागा मिळाली पाहिजे. सकाळी सहा-सातची बस या बायकांसाठी असते. आणि फेऱ्या कमी करायच्या म्हटलं की पहिली तीच कापली जाते, कारण तिकिटाचा पैसा ऑफिसच्या वेळेला जास्त दिसतो. पहाटेच्या फेरीचं उत्पन्न कमी दिसतं, पण तिच्यावरच चाळीस घरांच्या सकाळच्या पोळ्या अवलंबून असतात.

मानेवाडाकर

इतकं सगळं वाचून मी एक ठरवलं. अर्ज करायच्या आधी हातात आकडे हवेत, आणि ते आपलेच असले पाहिजेत. पुढचे दोन आठवडे मी रोज सकाळी ८ ते ९ मानेवाडा चौकात उभा राहून बसची वेळ वहीत लिहीन. कोणी छत्रपती चौक आणि दिघोरी घेईल का? एकाच वेळी लिहिलं तर कोणती बस मधे कुठे अडली ते कळेल.

नंदनवन_ताई

दिघोरी मी घेते. पण सकाळी ६ ते ७. मावशींची वेळ.

त्रिमूर्ती_नगर

छत्रपती चौक मी आणि मोठा मुलगा. त्याला ट्यूशनला सुट्टी आहे, वेळ आहे.

जुना_वाहक

लिहिताना चार रकाने करा. गाडी आली ती वेळ नको, निघाली ती लिहा. स्टॉपवर उभी माणसं किती, चढली किती. तिसरा रकाना फार महत्त्वाचा: गर्दीमुळे किती जण चढूच शकले नाहीत. तिकिटाच्या मशीनमध्ये ते कधीच येत नाहीत, त्यामुळे कागदावर ती माणसं नसतातच. चौथ्यात ऊन-पाऊस.

मानेवाडाकर

पहिला दिवस. सोमवार, मानेवाडा चौक, रिंग रोडची दिशा छत्रपतीकडे.

८:०४ निघाली. उभे ११, चढले ११.
८:३९ निघाली. उभे २६, चढले १९, राहिले ७. त्यातले दोघं ऑटोने गेले, एक मुलगी फोन करून भावाला गाडी घेऊन बोलावत होती.
८:४३ निघाली. उभे ५, चढले ५. गाडी जवळपास रिकामी.
९ पर्यंत दुसरी नाही.

ऊन. सावली चौकाच्या पलीकडे, स्टॉपवर नाही.

जुना_वाहक

८:३९ आणि ८:४३. बघा, गाठली मागच्या गाडीने. छत्रपती चौकात या दोन्ही किती वाजता निघाल्या, तेवढं टाका.

त्रिमूर्ती_नगर

मुलाच्या वहीत ८:५८ आणि ८:५९.